चौदाव्या वर्षीची आई : कायदा, गरिबी आणि आसरा

आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, हा डॉक्टरांचा नाहीतर पोलिसांचा विषय.’ मला तसं वाटत नाही. हा आधी इतिहासाचा विषय आहे, आणि तोही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा. म्हणून तो कोरेगावातच बोलावा असं ठरवलं.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या आजीला वय विचारलं की ती आकडा सांगायची नाही. ती म्हणायची, ‘मानमोडीच्या साली तुझा दुसरा चुलता पोटात होता.’ मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आजीचा जन्म प्लेगच्या साथीतला, साधारण १९०२-०३ चा. आता हिशेब तुम्हीच करा. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी ती पंधरा-सोळा वर्षांची, म्हणजे पहिला पाळणा हलला तेव्हा जेमतेम चौदाची. पहिलं मूल जगलं नाही. ते मूल गेल्याचं तिने मला दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा पीठ मळता मळता सांगितलं.

तिच्या पिढीत वयाचा आकडा घरात कुणाला ठाऊक नसायचा. मुलीला न्हाण आलं की नाही, ती पाण्याचा हंडा उचलते की नाही, यावर वय ठरायचं. कायद्याचा मात्र सगळा भर आकड्यावर. गेली दीडशे वर्षं आपण या आकड्याचं भांडण भांडत आलो. १०, १२, १४, १५, १८ आणि मधे २१ चीही चर्चा झाली. आज मला एवढंच सांगायचं आहे की या भांडणात एक प्रश्न कायम मागे राहिला. मुलीचं लग्न नाही केलं, तर ती राहील कुठे आणि दिवसभर करील काय? आणि झालीच ती आई, तर तिने दार कुणाचं ठोठवायचं?

चौदाव्या वर्षी आई झालेल्या दोन स्त्रिया तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. पहिल्या डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही सल त्यांच्या डॉक्टर होण्यामागे होती. फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी घेतला प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आत, क्षयाने गेल्या.

दुसऱ्या रमाबाई आंबेडकर, आपल्या रमाई. जन्म १८९८ चा, लग्न १९०६ मध्ये. यशवंतरावांचा जन्म डिसेंबर १९१२ चा. म्हणजे तेव्हा त्यांना पंधरावंही पुरं झालेलं नव्हतं. पुढे आणखी चार मुलं झाली, ती चारही गेली. बाबासाहेब परदेशात शिकत असताना मुंबईत या बाईने ज्या ओढगस्तीत संसार रेटला ती आपण भाषणांतून ऐकतो. मात्र त्या सगळ्या कष्टांच्या तळाशी एका पोरवयातल्या मुलीचं शरीर होतं, हे आपण क्वचित म्हणतो. १९३५ मध्ये त्या गेल्या तेव्हा चाळिशीही आलेली नव्हती.

एक ब्राह्मण घरातली, दुसरी महार कुटुंबातली. लहान वयात आई होणं तेव्हा जातीपुरतं नव्हतं, सगळ्या समाजाचं होतं. मग पुढे फरक कुठे पडला? तर काही घरांत मुलीला दुसरी वाट सापडली, काही घरांत ती सापडलीच नाही.

आता कायद्याकडे येऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेने संमतीचं वय धरलं १० वर्षं. पत्नीच्या बाबतीतही तेच. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि वैधव्य यांवर आपली टिपणं प्रसिद्ध केली आणि वाद पेटला. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती लंडनला शिकली, डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने आयुष्यभर बायकांची सेवा केली.

रखमाबाईंचं धैर्य मोठंच, त्यात शंका नाही. पण त्या धैर्याला टेकायला भिंत होती, ती आपण बघत नाही. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी या मुलीला लवकर सासरी पाठवायला विरोध केला. घरात पुस्तकं होती, आईकडची मालमत्ता होती, ‘नाही’ म्हटल्यावर झोपायला स्वतःची जागा होती. नकार द्यायला नुसतं मन पुरत नाही, नकार दिल्यावर राहायला घर लागतं. आमच्या तत्त्वज्ञानात संमतीवर पुष्कळ लिहिलेलं आहे. त्याचं सार मी विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगायचो : जिला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, तिचा ‘हो’ धरू नका.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. नवऱ्याच्या शरीरसंबंधाने ती गेली होती. दहा वर्षं उलटून गेली असल्यामुळे बलात्काराचा आरोप त्याच्यावर लागूच शकला नाही. या पार्श्वभूमीवर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि वय १० चं १२ झालं. पुण्यात केवढा गदारोळ झाला! गर्भाधानाच्या संस्कारात सरकारने हात घालू नये अशी टिळकांची भूमिका. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याच शास्त्रांच्या आधारे उलट बाजू मांडली. दोन्हीकडे विद्वान होते. पण ते बोलत होते शास्त्राबद्दल आणि सरकारच्या अधिकाराबद्दल. माण-खटावच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईच्या पोरीचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता.

याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली होती. सावित्रीबाई फुले आपल्या नायगावच्या, जोतीरावांचं मूळ घराणं आपल्या शेजारच्या कटगुणचं. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या. या जोडप्याने १८६३ मध्ये आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा गरोदर राहिली की तिच्यापुढे दोनच वाटा असत : मूल मारायचं, नाहीतर विहीर गाठायची. त्यात न कळत्या वयात विधवा झालेल्या मुलीही असत. फुल्यांनी शहरात पाट्याच लावल्या की इथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा.

या घराची रीत बघा. दारात आलेल्या मुलीला आधी काय विचारलं जाई? ‘बाप कोण, गुन्हा कुणाचा’ हे नाही. आधी खाट, गरम पाणी आणि सुईण. बालविवाहावर आणि केशवपनावर फुले कडक बोलले, लिहिले, भांडले. पण तो लढा त्यांनी बाहेर समाजाशी केला, दारात आलेल्या पोरीशी नाही. याच घरात जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. त्या वेळी रोगी आणत होत्या त्या या यशवंताच्याच दवाखान्यात.

हे घर लक्षात असू द्या, आपण परत तिथे येणार आहोत.

पुढे १९२९ चा शारदा कायदा. मुलीचं लग्नाचं वय १४, मुलाचं १८. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत काय झालं असेल? देशभर लग्नांची एकच घाई उडाली, अगदी पाळण्यातल्या पोरांची लग्नं लागली, का तर तारखेच्या आत उरकून घ्यावं. शिवाय कायद्याची रचना अशी की पोलीस आपणहून हात घालू शकत नव्हते. कुणीतरी कोर्टात तक्रार करायची, तीही वर्षाच्या आत, आणि त्या तक्रारदाराकडूनच शंभर रुपयांपर्यंतचं हमीपत्र घ्यायचं. त्या काळी शंभर रुपये म्हणजे काय चेष्टा आहे? गावकीत राहून शेजाऱ्याविरुद्ध कोण जाणार? आणि लागलेलं लग्न कायदेशीरच राहायचं. माझ्या आईचं लग्न या कायद्यानंतर झालं. तेरा वर्षांची होती. घरात कुणीही शारदा कायद्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

१९४९ मध्ये वय १५ झालं, १९७८ मध्ये १८. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आधीपेक्षा खूपच धारदार आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविकेने त्याला साथ द्यायची, १०९८ वर फोन करता येतो. २०१२ मध्ये पॉक्सो आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अठराच्या आतली पत्नी असली तरी शरीरसंबंध हा बलात्कारच. म्हणजे १८९१ च्या वादाचा निकाल कायद्याच्या पातळीवर पूर्ण लागला.

आणि प्रत्यक्षात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ ची. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधीच्या फेरीत हा आकडा २६.३ होता, म्हणजे घट आहे. पण १५ ते १९ वयाच्या ज्या मुली आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या, त्यांचं प्रमाण ८.३ वरून फक्त ७.६ टक्क्यांवर आलं. देशाची सरासरी ६.८. आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो आणि या बाबतीत देशाच्या सरासरीलाही मागे आहोत. याच सर्वेक्षणात देशपातळीवर आणखी एक गोष्ट दिसते. या वयाच्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलींत हे प्रमाण १८ टक्के, आणि बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेल्यांत ४ टक्के. कायदा दोघींना एकच आहे. फरक शाळेचा आणि घरच्या परिस्थितीचा आहे.

हे लांबचं वाटत असेल, तर दसरा-दिवाळीनंतर आपल्याच शिवारात फेरी मारा. कालव्याच्या कडेला, कारखान्याच्या आसपास कोप्या पडलेल्या असतात. बीड, नगर, जालन्याकडची माणसं, काही आपल्याच माणची, जतची, आटपाडीची. ऊसतोडीत मजुरीचा हिशेब कोयत्यावर असतो. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. मग पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढला, उचल वाढली. मुलीच्या बापाची अडचण वेगळी. सहा महिने गाव सोडायचं, तर तेरा-चौदाची पोर ठेवायची कुणाजवळ? म्हाताऱ्या आजीजवळ ठेवली तर रात्री झोप नाही. बरोबर आणली तर कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही, शाळा बंद पडते. त्या बापाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्याने लग्न लावलं ते बहुधा पोरीच्या काळजीपोटी. त्याच्या हातात एवढा एकच आसरा होता आणि तो त्याने दिला. तो आसराच तिला कसा घातक ठरतो, हे पुढे सांगतो.

वर्षाच्या आत दिवस जातात. अंगात रक्त कमी, तिचीच वाढ पुरी झालेली नाही. पोटातलं बाळ आणि तिची हाडं एकाच भाकरीवर वाढणार. या वयात रक्तदाब वाढून आकडी येण्याचा धोका जास्त, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त, हे डॉक्टर मंडळी सांगतातच. आणि ही बाई पहाटे उठून मोळ्या वाहते. विशीत दोन-तीन मुलं, मग अंगावरून जाणं, पोटात दुखणं, आणि तिशीच्या आसपास गर्भपिशवी काढून टाकणं. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढल्याचं पुढे आलं. ही गोष्ट तिशीत सुरू होत नाही, चौदाव्या-पंधराव्या वर्षी होते.

आता दवाखान्याच्या दारात येऊ. सोळा-सतराची मुलगी, सहावा महिना. आशाताईंनी समजावलं तर ती येईल. पण आधार कार्डावर जन्मतारीख आहे. पॉक्सोप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर तोच गुन्हेगार. डॉक्टरांच्या हातात काही राहत नाही. नवऱ्यावर गुन्हा, तो आत, सासू-सासरे आणि आई-बाप यांच्यावर बालविवाहाचा गुन्हा. मग घरचे काय करतात? वय वाढवून सांगतात, लांबच्या गावी नेतात, किंवा कळा सुरू होईपर्यंत नेतच नाहीत. जिला तपासणीची सगळ्यांत जास्त गरज, तीच नोंदवहीतून गायब होते. जननी सुरक्षा योजना २००५ ची. आपल्यासारख्या राज्यांत सुरुवातीला तिच्या पैशासाठी आईचं वय किमान १९ ही अट होती. हेतू चांगला, लवकर आई होण्याला उत्तेजन नको. पण त्या अटीने एकही लग्न थांबलं असेल असं मला वाटत नाही. अठरा वर्षांच्या बाळंतिणीचा आधार तेवढा गेला. २०१३ मध्ये ती अट काढली, बरं झालं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव-गाव कळवण्याची सक्ती नाही. हे गर्भपातापुरतं आहे. जिला मूल होऊ द्यायचं आहे, किंवा वेळ निघून गेली आहे, तिच्यासाठी दार अजून अर्धवटच उघडं आहे.

इथे कुणीतरी विचारील, आणि विचारायलाच हवं, ‘सर, मग काय कायदा नको?’ कायदा हवाच. तेराच्या मुलीवर काकाने, शेजाऱ्याने, मुकादमाने हात टाकला असेल तर पॉक्सोइतकं दुसरं शस्त्र आपल्याकडे नाही. अठराचा आकडाही खाली आणू नये. २०२१ मध्ये तो २१ करायचं विधेयक आलं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. त्यानेही कोपीतल्या पोरीच्या आयुष्यात काय बदललं असतं, मला सांगता येत नाही. माझं म्हणणं इतकंच : लग्नाआधी कायदा जितका कडक तितका चांगला, पण पोटुशी पोर दारात आली की पहिला माणूस पोलीस असू नये. गुन्ह्याचा तपास होऊ द्या, पण तिच्या रक्ततपासणीची किंमत देऊन नको. फुल्यांच्या घराने ही दोन कामं वेगळी ठेवली होती. आपण त्यांची सरमिसळ केली.

आणि लग्नाआधी काय? तिथेही आपल्या जिल्ह्याने वाट दाखवलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या पोराला नुसती शाळा पुरत नाही, राहायला आणि जेवायला लागतं, हे ओळखून त्यांनी वसतिगृहं काढली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. तेव्हा ती मुलं बहुतेक मुलगेच होती. मुलींच्या बाबतीत हे काम आपण अर्धंच केलं. मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला आणि आपल्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली दहावी-बारावीपर्यंत यायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका पासाने किती लग्नं पुढे ढकलली गेली, याची मोजदाद कुणी केलेली नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. त्या बापाला आपण ‘लग्न करू नको’ म्हणतो, त्याआधी ‘पोर आमच्याकडे ठेव, पाडव्याला घेऊन जा’ असं म्हणणारं कुणी हवं. आणि हे ऑक्टोबरच्या आत हवं. डिसेंबरात जागा मंजूर होऊन उपयोग नाही, तोपर्यंत मांडव पडलेला असतो.

शेवटी एक आठवण सांगतो आणि थांबतो. बरीच वर्षं झाली. बारावीच्या परीक्षेला माझी पर्यवेक्षक म्हणून नेमणूक होती. एक मुलगी १७ नंबरचा फॉर्म भरून बसली होती. दहावीनंतर लग्न झालेलं. बाहेर लिंबाखाली तिची सासू तीन महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली. तासाभराने ते रडायला लागलं. पोरीचा पेन थांबला. ती माझ्याकडे बघेना, खिडकीकडेही बघेना, नुसती कागदाकडे बघत राहिली. नियमात यासाठी रकाना नव्हता. मी केंद्रसंचालकांना विचारलं, त्यांनी एका बाईंना बरोबर दिलं. दहा मिनिटांत ती बाळाला पाजून परत आली आणि तिने पेपर पुरा केला. पुढच्या पेपरला सासूबाई आपणहून दाराजवळ सावलीत बसल्या.

ती पास झाली की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही, ‘इतक्या लवकर लग्न का केलंस?’ तो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच. तिला हवी होती दहा मिनिटं, एक सावली आणि परत आत येऊन बसायला तिची जागा. माझ्या आजीला ती कुणी दिली नाही. आपल्या तालुक्यात या हंगामात येणाऱ्या मुलींना ती कोण देणार, हे सरकारने ठरवावंच. पण इथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, आशाताई आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. म्हणून हा प्रश्न मी तुमच्यापुढेही ठेवतो.